विश्लेषण : जुन्या कारखान्यांत नवी हरित घरे, मुंबईने दवडलेली संधी पनवेल साधणार का?

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ, अटल सेतू आणि विस्तारणारे रस्ते यांमुळे पनवेलमधील जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. त्याचा सर्वाधिक ताण जुन्या शहरातील भातगिरण्या, वखारी, गोदामे आणि कारखान्यांच्या शेडवर येतो. या वास्तू पाडून तेथे टॉवर उभारणे हा रुळलेला मार्ग. जगातील अनेक शहरांनी मात्र जुनी औद्योगिक वास्तू न पाडता तिच्या आतच घरे बांधण्याचा मार्ग निवडला. मुंबईच्या कापड गिरण्यांबाबत हे जवळपास घडलेच नाही. त्याचे परिणाम आज पनवेलजवळच्या कोन गावापर्यंत दिसतात. ही घरे नेमकी कशी असतात, ती पर्यावरणपूरक का मानली जातात आणि पनवेलमध्ये ती शक्य आहेत का, याविषयी…

‘लॉफ्ट’ घर म्हणजे काय?

आपल्याकडे लॉफ्ट म्हटले की स्वयंपाकघराच्या वरचा, पिंप आणि ट्रंका ठेवायचा माळा डोळ्यांसमोर येतो. बांधकाम नियमांतही लॉफ्ट म्हणजे सामान ठेवण्यासाठीची, जास्तीत जास्त दीड मीटर उंचीची मधली जागा. परदेशात मात्र कारखाना किंवा गोदामाच्या मोठ्या, उंच दालनात तयार केलेल्या घराला लॉफ्ट म्हणतात. १५ ते २० फूट उंचीचे छत, मोठ्या खिडक्या, उघडे लोखंडी खांब, मोजक्या भिंती आणि झोपण्यासाठी वर काढलेला पोटमाळा ही त्याची ओळख.

न्यूयॉर्कच्या सोहो भागात ही पद्धत रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील छोटे कारखाने बंद पडू लागले आणि रिकाम्या मजल्यांवर चित्रकार, शिल्पकार राहू लागले. भाडे कमी आणि उजेड भरपूर, पण राहणे बेकायदा. शहराने १९७१ मध्ये कलाकारांना तेथे राहण्याची मुभा दिली. १९७३ मध्ये सोहोला ऐतिहासिक परिसराचा दर्जा मिळाला. पुढे १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ‘लॉफ्ट कायदा’ करून अशा इमारतींत आधीपासून राहणाऱ्या भाडेकरूंना संरक्षण दिले आणि इमारती सुरक्षित करण्याची जबाबदारी मालकांवर टाकली.

त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. दोन्ही शहरांसमोर पुढे प्रश्न एकच होता : यंत्रे थांबल्यावर कारखान्याच्या इमारतीचे आणि तिच्याशी जोडलेल्या माणसांचे काय करायचे? उत्तरे मात्र वेगळी निघाली.

जुनी इमारत पर्यावरणपूरक कशी ठरते?

इमारतीचे प्रदूषण दोन प्रकारचे असते. एक वापरातले, म्हणजे दिवे, पंखे, एसी, पंप यांच्या विजेतून होणारे. दुसरे बांधकामातले, म्हणजे सिमेंट, पोलाद, विटा, काच तयार करताना आणि वाहून आणताना आधीच होऊन गेलेले. जाहिरातींतील ‘ग्रीन होम’ बहुधा पहिल्याविषयी बोलते. जुनी इमारत राखली, तर दुसऱ्याचा मोठा भाग टळतो.

बांधकाम क्षेत्रातील ठोकताळ्यानुसार बहुमजली आरसीसी इमारतीला दर चौरस फुटाला साधारण ०.४ गोणी सिमेंट लागते. म्हणजे १० हजार चौरस फुटांसाठी चार हजार गोण्या, २०० टन सिमेंट. एक टन सिमेंटमागे सुमारे ०.६ टन कार्बन डायऑक्साइड धरला, तरी केवळ सिमेंटपोटी १२० टन उत्सर्जन होते. पोलादाचा हिशेब मांडला तर आकडा २०० टनांच्या पुढे जातो. जुना पाया, भिंती आणि सांगाडा पुन्हा वापरल्यास यातील बराचसा भाग वाचतो. शिवाय पाडकामाचा राडारोडाही होत नाही.

अमेरिकेतील ‘नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन’ या संस्थेच्या २०११ च्या अभ्यासात असे दिसले, की सरासरी जुन्या इमारतीपेक्षा ३० टक्के कमी ऊर्जा वापरणारी नवी इमारत बांधली, तरी तिच्या बांधकामामुळे झालेले हवामानाचे नुकसान भरून निघायला इमारतीच्या प्रकारानुसार १० ते ८० वर्षे लागतात. त्याच अभ्यासाने एक अपवादही नोंदवला : गोदामाचे बहुमजली निवासात रूपांतर करताना खूप नवे साहित्य ओतावे लागले, तर हा फायदा नाहीसा होऊ शकतो. म्हणजे फक्त दर्शनी भिंत ठेवून आत सगळे नवे बांधले, तर ते दिसायला जुने असेल. पर्यावरणपूरक असेलच असे नाही.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये हे का घडले नाही?

मुंबईत ५८ कापड गिरण्या आणि त्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ नुसार या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. गिरणीतील अस्तित्वात असलेले बांधकाम अन्य कारणासाठी वापरण्याची मुभाही होती. त्यामुळे इमारत उभी ठेवून तिचा वापर बदलणे मालकासाठी सोयीचे होते. लोअर परळच्या काही गिरण्यांच्या शेडमध्ये कार्यालये, स्टुडिओ, दुकाने आणि उपाहारगृहे आली ती याच काळात.

२००१ मध्ये हे कलम बदलले. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची होईल, बांधकाम पाडून मोकळी झालेली जमीन त्यात धरली जाणार नाही, असा अर्थ पुढे आला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये तो अमान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ च्या निकालात उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करून सुधारित नियम उचलून धरला.

या बदलाने आर्थिक गणितच उलटले. गिरणीच्या आवारात बहुतेक जागा इमारतींनीच व्यापलेली असते; मोकळी जमीन थोडी. इमारत पाडली तरी वाटा द्यायचा नाही आणि त्या जागी टॉवर उभारता येतो, असे ठरल्यावर ती राखण्याचे कारणच उरले नाही. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांसाठी चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९९६ मध्ये सर्व जमिनींचा एकत्रित विचार करून सार्वजनिक जागा, कामगारांची घरे आणि काही जुन्या वास्तूंचे जतन यांचा आराखडा सुचवला होता. तो कागदावरच राहिला.

कोन गावाचा याच्याशी काय संबंध?

म्हाडाच्या वाट्याला जमीन कमी आल्याने कामगारांसाठी मुंबईत घरेही कमी झाली. घरासाठी दीड लाखाहून अधिक कामगार आणि वारसांनी अर्ज केले. २०१२, २०१६ आणि २०२० मधील सोडतींत मिळून निघालेली घरे मात्र १६ हजारांच्या आसपास. त्यातील सुमारे २,४०० घरे गिरणगावात नव्हती. ती पनवेल तालुक्यातील कोन येथे होती.

ही घरे मुळात गिरणी कामगारांसाठी बांधलेलीच नव्हती. एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरील घरकुल योजनेतील त्या १६० चौरस फुटांच्या खोल्या होत्या. दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांचे एक घर करण्यात आले आणि सहा लाख रुपये किंमत ठरली. डिसेंबर २०१६ मध्ये सोडत निघाली, पण ताबा अनेक वर्षे रखडला. २०२० मध्ये करोनाच्या साथीत ही घरे विलगीकरणासाठी वापरली गेली. त्यानंतर गळती, मोडतोड आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावरून प्रश्न अडून राहिला. सोडतीत नाव लागले तेव्हा साठीत असलेले अनेक कामगार चावीची वाट पाहत सत्तरीकडे झुकले.

परळ-लालबागच्या गिरण्यांमध्ये मजबूत मजले, उंच छत आणि मोठ्या खिडक्या असलेले लाखो चौरस फूट बांधकाम उभे होते. ते पाडले गेले आणि तेथे राबलेल्यांना ५० किलोमीटरच्या आसपास अंतरावर, दुसऱ्याच कुणासाठी बांधलेल्या खोल्या जोडून घर देण्यात आले. उर्वरित अर्जदारांसाठी शेलू, वांगणी अशी आणखी दूरची ठिकाणे पुढे आल्यानंतर मुंबईतच घर हवे, ही संघटनांची मागणी अधिक तीव्र झाली आहे. गिरणीची इमारत राखायची की पाडायची, हा प्रश्न फक्त वारसाप्रेमींचा नव्हता, तो कोण कुठे राहणार याचाही होता.

पनवेलमध्ये राखण्यासारखे काय आहे?

पनवेलची आजची ओळख महामार्ग आणि गृहसंकुलांची असली, तरी हे जुने बंदर आणि व्यापारी पेठ आहे. खाडीतून गलबते येत, घाटावरचा माल येथे उतरे. तांदूळ आणि मिठाचा व्यापार चाले. बैलगाड्यांची चाके बनवणारे गाव म्हणूनही पनवेल प्रसिद्ध होते. १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. श्री धूतपापेश्वर या आयुर्वेदिक औषधनिर्मिती संस्थेची परंपरा १८७२ पासूनची. पुढे भातगिरण्या वाढल्या. आसपास भातशेती होती तोवर त्या चालल्या. शेती आटली, तशा थंडावल्या.

या वास्तू मुंबईच्या गिरण्यांएवढ्या भव्य नाहीत. दगडी जोते, जाड विटांच्या भिंती, सागवानी तुळया किंवा लोखंडी कैच्या आणि वर मंगलोरी कौले किंवा पत्रे, असे त्यांचे साधारण रूप. पण लॉफ्ट घरासाठी लागणारी मुख्य गोष्ट त्यांच्याकडे असते, ती म्हणजे उंची. पोती रचण्यासाठी आणि यंत्रांचे पट्टे फिरण्यासाठी ठेवलेल्या उंचीत पोटमाळा सहज बसतो. जाड भिंती उन्हाचा तडाखा उशिरा आत सोडतात, तर उंच छतामुळे गरम हवा वर जाते. कोकणच्या दमट हवेत वारा खेळता ठेवणारी ही रचना एसीचा वापर कमी करू शकते.

नियम आडवे येतात का?

मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. पनवेल महापालिका तिच्या कक्षेत येते. हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला जादा चटईक्षेत्र आणि यादीतील वारसा वास्तूच्या मालकाला न वापरता आलेल्या चटईक्षेत्रापोटी टीडीआर, अशा सवलती त्यात आहेत. मात्र दुसरी सवलत वास्तू वारसा यादीत असेल तरच मिळते. मंदिरे, वाडे, किल्ले यादीत येतात. भातगिरणी किंवा वखार सहसा कोणाच्या नजरेत येत नाही.

दुसरी अडचण घरांच्या नियमांची. राहत्या खोलीला बाहेरचा उजेड आणि वारा हवा. कारखान्याचे दालन रुंद असल्याने मधल्या भागात अंधार राहतो. त्यावर उपाय म्हणजे मध्ये छोटा चौक काढणे किंवा छपरातून उत्तरेचा उजेड घेणे. करवतीच्या दात्यांसारखी छपरे कापड गिरण्यांमध्ये याचसाठी असत. पोटमाळ्यावर राहायचे, तर राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार किमान २.२ मीटर उंची लागते आणि ते क्षेत्रफळ चटईक्षेत्रात मोजले जाऊ शकते. याशिवाय वाहनतळ, जिन्यांची रुंदी, अग्निशमन व्यवस्था आणि औद्योगिक वापराचे निवासी वापरात बदल अशा परवानग्या लागतात. नियम नव्या इमारतीला समोर ठेवून लिहिलेले असल्याने जुनी वास्तू प्रत्येक टप्प्यावर अपवाद ठरते आणि अपवादाला वेळ लागतो. पाडून बांधण्याची परवानगी त्यामानाने सरळ मिळते.

पाणी आणि विजेचा हिशेब कसा?

पनवेल परिसरात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात शहरात पाणीटंचाई असते. महापालिकेच्या देहरंग धरणातील साठा तेव्हा तळाला जातो. समजा, एका जुन्या गोदामाचे छप्पर एक हजार चौरस मीटरचे आहे. त्यावर वर्षात ३० लाख लिटर पाणी पडेल. त्यातील ८० टक्के गोळा झाले, तर २४ लाख लिटर. ४० घरांत १६० माणसे आणि प्रत्येकी रोज १३५ लिटर वापर धरला, तर हे पाणी सुमारे ११० दिवस पुरेल. अडचण साठवणुकीची आहे. सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो. त्यामुळे मोठी टाकी, विहिरीचे पुनर्भरण आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांची जोड हवीच.

मोठे सलग छप्पर सौर पॅनेलसाठीही सोयीचे असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट १८ हजार रुपये अनुदान आहे. जुन्या कैच्या हा भार पेलतील का, हे मात्र स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्यावे लागते. घराच्या भिंती-छतातून किती उष्णता आत यावी, याचे निकष केंद्राच्या ‘इको निवास संहिते’त २०१८ पासून आहेत. पत्र्याचे छप्पर तसेच ठेवले, तर ते पाळणे अशक्य. छताला उष्णतारोधक थर द्यावाच लागतो.

धोके कोणते?

पहिला धोका आगीचा. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतील कमला मिल आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. जुन्या औद्योगिक आवाराचा वापर बदलताना बाहेर पडण्याचे मार्ग, ज्वलनशील साहित्य आणि अग्निशमन यंत्रणा यांकडे दुर्लक्ष झाले, तर काय होते, याचा हा धडा आहे. लाकडी तुळया असलेल्या इमारतीत लोक झोपणार असतील, तर हा प्रश्न अधिकच गंभीर.

दुसरा धोका जमिनीत आणि छतात दडलेला. कारखान्याच्या जागेवर वर्षानुवर्षे तेल, रसायने, रंग मुरलेले असू शकतात. जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. ते फोडले की त्याचे तंतू फुप्फुसात जातात. म्हणून माती आणि पत्रे दोन्हींची तपासणी आधी व्हायला हवी.

तिसरा धोका पुराचा. जुन्या वखारी बंदराच्या सोयीने खाडी आणि गाढी नदीच्या सखल भागात उभ्या राहिल्या. २६ जुलै २००५ च्या पुराचा फटका पनवेललाही बसला होता. अशा ठिकाणी तळमजला वाहनतळ आणि सामायिक वापरासाठी ठेवून घरे वरच्या पातळीवर घेणे श्रेयस्कर. किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध वेगळे.

ही घरे परवडणार कोणाला?

लॉफ्टचा जागतिक इतिहास येथे सावध करतो. स्वस्त जागा शोधत आलेल्या कलाकारांचे सोहो पुढे न्यूयॉर्कमधील अतिमहाग भागांपैकी एक झाले. मँचेस्टरमधील अँकोट्स या गिरण्यांच्या वस्तीतही जुन्या सूतगिरण्यांचे आलिशान फ्लॅट झाले. वास्तू वाचली, पण ती वापरणारा वर्ग बदलला.

शासनाने अटी घातल्या, तर चित्र थोडे बदलू शकते. अमेरिकेत मान्यताप्राप्त ऐतिहासिक, उत्पन्न देणाऱ्या इमारतीच्या जतनासह पुनर्वापरावर खर्चाच्या २० टक्के करसवलत मिळते. परवडणाऱ्या घरांसाठीची वेगळी करसवलत तिला जोडता येते. मॅसॅच्युसेट्समधील लॉवेल या कापडनगरीत अनेक गिरण्यांची घरे झाली, त्यामागे अशा सवलतींचा हात आहे. महाराष्ट्रात मात्र पुनर्विकासाचे मुख्य बक्षीस जादा चटईक्षेत्र हेच आहे. ते वापरायचे तर इमारत उंच करावी लागते आणि उंच करायची तर जुनी पाडावी लागते. जतन करणाऱ्याला मिळणारे बक्षीसच जतनाच्या विरोधात काम करते.

पनवेलपुढे पर्याय काय?

पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. मुंबईला ज्या टप्प्यावर उशीर झाला, त्याच्या आधीच्या टप्प्यावर ती आज आहे. सर्वात आधी जुन्या औद्योगिक वास्तूंची पाहणी आणि नोंद व्हायला हवी. सगळ्याच राखण्यासारख्या नसतील. ज्यांचा सांगाडा खचला आहे, त्या पाडणेच योग्य. पण यादी नसेल, तर चांगली आणि मोडकळीस आलेली वास्तू एकाच बुलडोझरखाली जाते.

त्यानंतर प्रश्न उरतो तो बक्षिसाचा. इमारत राखणाऱ्या मालकाला टीडीआर, मालमत्ता करात सूट किंवा विकास शुल्कात सवलत मिळाली आणि तीही काही घरे परवडणाऱ्या दरात देण्याच्या अटीवर, तर पुनर्वापराचे गणित जुळू शकते. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारे बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे नवे केंद्रीय नियम २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर राडारोड्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकतात. पाडण्याचा खर्च त्यामुळे थोडा वाढेल. पण पनवेलच्या भातगिरण्या आणि वखारी या मर्यादेपेक्षा पुष्कळ लहान आहेत. त्यांच्यासाठी स्थानिक पातळीवरच निर्णय घ्यावा लागेल.

मुंबईत एका कलमाच्या अर्थाने शेकडो एकरांचे भवितव्य ठरले आणि त्याची किंमत कोनच्या सोडतीत नाव लागलेल्यांनी मोजली. पनवेलमध्ये तसे कलम अजून लिहिले गेलेले नाही. ते लिहिताना मोजमाप मोकळ्या जमिनीचेच धरायचे की उभ्या इमारतीलाही मोल द्यायचे, यावर शहराच्या जुन्या पेठेचे पुढचे रूप अवलंबून राहील.